कोरडेपणा मोजायचा कसा?

घशाला कोरड पडणे हा मराठीत भीतीचा किंवा श्रमाचा परिणाम मानला जातो आणि घोटभर पाण्याने ती कोरड जाते, असे सर्वजण धरून चालतात. परंतु ज्यांची कोरड पाण्याने जात नाही, पापणी मिटताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखे ज्यांना टोचते, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय ज्यांच्या घशाखाली उतरत नाही आणि ज्यांचे दात चाळिशीतच मुळाशी किडू लागतात, अशीही माणसे आहेत. त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे. दहा रुग्णांमागे नऊ स्त्रिया, असे ढोबळमानाने सांगितले जाते. त्यांच्या या दुखण्यास शोग्रेन विकार म्हणतात. शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रतिकारयंत्रणाच या विकारात अश्रू व लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तशातला हा प्रकार आहे.

हा विकार कोरडेपणावर थांबला असता, तर त्याचा फारसा गाजावाजा करण्याचे कारण नव्हते. परंतु अनेक रुग्णांत तो सांधे, फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतूंपर्यंत पोचतो. रक्तातील पोटॅशियम एकाएकी घटून हातपाय लुळे पडले आणि मग मूळ विकार उघडकीस आला, अशी उदाहरणे भारतीय डॉक्टरांनी नोंदविली आहेत. लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाशी असलेले त्याचे नाते तर अधिकच गंभीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील १३६ स्त्रियांची पाहणी १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यात या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे ४४ पट आढळले. पुढील पाहण्यांत हा आकडा बराच खाली आला. पण धोका खरा आहे, याविषयी दुमत राहिले नाही.

असे असूनही या विकाराचे निदान पक्के करील अशी एकच एक कसोटी आजतागायत उपलब्ध नाही. मधुमेहासाठी रक्तातील साखर मोजता येते, हिवतापाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. शोग्रेन विकारात मात्र डोळ्यांचा डॉक्टर एक तुकडा पाहतो, दंतवैद्य दुसरा पाहतो, सांध्यांसाठी तिसऱ्याकडे जावे लागते, आणि हे तुकडे जुळवून पाहण्याचे काम बहुधा कोणाचेच नसते. मध्यंतरी वर्षे जातात. प्रख्यात टेनिसपटू व्हीनस विल्यम्स यांनी २०११ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेतून माघार घेऊन आपल्याला हा विकार असल्याचे जाहीर केले. परंतु त्याची लक्षणे त्यांना त्यापूर्वी कित्येक वर्षे जाणवत होती. उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य ज्यांच्या हाताशी असते त्यांची ही कथा, तर सामान्य स्त्रीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

एका प्रबंधाची उपेक्षा

ज्यांचे नाव या विकारास मिळाले ते हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधील नेत्रवैद्य. १८९९ मध्ये जन्मलेल्या या डॉक्टरांनी १९३३ मध्ये स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेला डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. जर्मन भाषेत लिहिलेल्या या प्रबंधात डोळ्यांच्या विशिष्ट शुष्कतेने पीडित अशा १९ स्त्रियांची तपासणी होती आणि त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. डोळे, तोंड आणि सांधे यांची दुखणी योगायोगाने एकत्र आलेली नसून एकाच सार्वदेहिक व्याधीची ती रूपे आहेत, हे शोग्रेन यांचे प्रतिपादन होते. परीक्षकांना त्याचे महत्त्व पटले नाही. विद्यापीठीय अध्यापनाची वाट खुली व्हावी इतकी श्रेणी प्रबंधास मिळाली नाही आणि शोग्रेन यांना पुढे योन्शपिंग या लहान शहरातील रुग्णालयात काम करावे लागले. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य ब्रूस हॅमिल्टन यांनी प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वळले. १९६१ मध्ये स्वीडनच्या सरकारने त्यांना प्राध्यापक ही सन्माननीय पदवी दिली.

या इतिहासातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शोग्रेन यांच्याजवळ आजच्यासारख्या रक्तचाचण्या नव्हत्या. डोळ्यांच्या तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रीला तिच्या तोंडाविषयी आणि सांध्यांविषयीही विचारावे, एवढेच त्यांनी केले. विकाराचा शोध लागला तो या विचारपुशीतून. मोजमापे पुष्कळशी मागाहून आली.

कागदाच्या पट्टीपासून ओठाच्या ग्रंथीपर्यंत

ती मोजमापे कोणती, हे पाहू. सर्वांत जुनी पद्धत जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांची, १९०३ सालची. टीपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून ठेवायची आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचे. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू अपुरे समजायचे. पद्धत स्वस्त व सोपी. परंतु एकाच माणसाचा आजचा आणि आठवड्यानंतरचा आकडा जुळेलच, अशी खात्री नसते. दुसरी पद्धत रंगद्रव्याची. विशिष्ट रंगाचा थेंब डोळ्यात सोडला की शुष्कतेने इजा झालेला पृष्ठभाग रंगून दिसतो आणि इजेची मात्रा गुणांत मांडता येते. तोंडासाठी आणखी साधा उपाय आहे. रुग्णाने पंधरा मिनिटे काही न चघळता लाळ एका भांड्यात जमा करायची. दर मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ जमली, तर ती अपुरी.

तथापि कोरडेपणा मोजला म्हणजे त्याचे कारण कळले, असे नव्हे. सर्दीच्या, मनोविकारांच्या आणि इतर कित्येक औषधांनीही तोंड कोरडे पडते. मानेवर किंवा डोक्यावर किरणोपचार झालेल्यांच्या लालाग्रंथी निकामी होतात. सी प्रकारच्या काविळीतही हुबेहूब अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून ग्रंथीच्या आत डोकावणे भाग पडले. १९६८ मध्ये ग्लासगो येथील चिझम व मेसन यांनी खालच्या ओठाच्या आतील इवल्याशा लालाग्रंथी काढून तपासण्याची आणि त्यांतील दाहाची प्रतवारी लावण्याची रीत मांडली. ४ चौरस मिलिमीटर ऊतीत पन्नास किंवा अधिक लसिकापेशींचा निदान एक पुंजका आढळावा, हा दंडक त्यातूनच रूढ झाला. छेद लहान असतो, पण तो छेद असतो. काहींच्या ओठाला त्यानंतर दीर्घकाळ बधिरता राहते, आणि त्या काचपट्टीचे नीट वाचन करणारा अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ सर्वत्र मिळत नाही.

रक्ताची कसोटीही याच सुमारास आली. १९६९ मध्ये अमेरिकेत क्लार्क, राइक्लिन व टोमासी यांनी ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींतील घटकांविरुद्ध तयार होणारे एक प्रतिपिंड वर्णन केले. त्याला ‘रो’ असे नाव मिळाले. पुढे ‘ला’ हे दुसरे प्रतिपिंड सापडले. रुग्णांच्या नावांच्या आरंभीच्या अक्षरांवरून पडलेली ही नावे. १९७५ मध्ये आल्स्पॉ व टॅन यांनी शोग्रेनच्या रुग्णांत एसएस-ए आणि एसएस-बी ही प्रतिपिंडे दाखविली. दोन प्रयोगशाळांनी वेगळ्या नावांनी ओळखलेल्या या वस्तू प्रत्यक्षात एकच आहेत, हे त्यानंतर काही वर्षांनी उमगले. आज रो प्रतिपिंड हीच या विकाराची सर्वांत उपयुक्त रक्तचाचणी आहे. परंतु ते आढळते सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत; उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

गुणांचा हिशेब

एकही कसोटी पुरी पडत नाही म्हटल्यावर अनेक कसोट्यांची बेरीज करणे ओघानेच आले. १९६५ पासून निरनिराळ्या तज्ज्ञमंडळांनी डझनभर नियमावल्या केल्या. सध्या मान्यता आहे ती अमेरिका व युरोप यांतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये संयुक्तपणे स्वीकारलेल्या नियमावलीला. तिच्यात ओठाच्या बायोप्सीला ३ गुण, रो प्रतिपिंडाला ३ गुण आणि डोळ्याचे रंगद्रव्य, शिर्मरची पट्टी व लाळेचे मापन यांना प्रत्येकी १ गुण आहे. एकूण ४ गुण मिळाले की रुग्ण या वर्गात बसला. ज्या आंतरराष्ट्रीय रुग्णसंग्रहाचा या कामाला मोठा आधार मिळाला, त्यात अमेरिका, जपान, चीन, डेन्मार्क, अर्जेंटिना व ब्रिटन यांच्याबरोबर मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालयही सहभागी होते, ही भारतीय वाचकास समाधान देणारी गोष्ट होय.

या बेरजेकडे बारकाईने पाहिले म्हणजे तिचा अर्थ कळतो. डोळे व तोंड यांच्या तिन्ही कसोट्यांत कोरडी ठरलेली स्त्री केवळ ३ गुणांवर थांबते. रक्तात प्रतिपिंड नसेल आणि ओठाची बायोप्सी झालीच नसेल, तर तिला चौथा गुण मिळण्याचा मार्गच नाही. नियमावली करणाऱ्यांचा यात दोष नाही. संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून हे वर्गीकरण आहे, एकेका रुग्णाच्या निदानासाठी नव्हे, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलेले आहे. परंतु व्यवहारात वर्गीकरणाचा तक्ता निदानाचा दाखला होऊन बसतो. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका,’ या वाक्याने रुग्णाची बोळवण होते. तिची लाळ तर परत येत नाहीच. आता तिच्या शब्दावरचा विश्वासही जातो.

मोजपट्टी कोणी मोजावी?

म्हणूनच नव्या जैवनिर्देशकांचा, म्हणजे ज्यांना बायोमार्कर म्हणतात अशा रक्त, लाळ वा अश्रूंतील खुणांचा शोध जगभर सुरू आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये लाळेतील प्रथिनांचा व जनुकीय संदेशांचा नमुना रुग्णांत वेगळा असतो, असे दाखविले. त्याच शहरातील अन्य संशोधकांनी २०१४ मध्ये अश्रूंतील कॅथेप्सिन-एस या विकराची क्रिया रुग्णांत वाढलेली असल्याचे नोंदविले. इंटरफेरॉन या संरक्षक द्रव्याच्या प्रभावाखाली चेतविल्या जाणाऱ्या जनुकांची रक्तातील खूणही अनेक रुग्णांत सापडते. ध्वनिलहरींनी लालाग्रंथींचे चित्र घेण्याची पद्धत तर नियमावलीत समाविष्ट व्हावी, असा आग्रह युरोपातील अनेक तज्ज्ञ धरीत आहेत. तीत ना सुई, ना छेद.

या प्रयत्नांचे स्वागत करीत असताना एक अडचण विसरून चालणार नाही. नवी कसोटी खरी की खोटी, हे ठरविण्यासाठी खरे रुग्ण कोण, ते आधी ठाऊक असावे लागते. आणि ते ठरविले जाते जुन्या कसोट्यांनी. म्हणजे जुन्या मापाला जे दिसले तेच नव्या मापाला दिसते काय, एवढेच पुष्कळदा तपासले जाते. जुन्या मापातून जे निसटले, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते या तपासणीत नसतातच. दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी निवडलेली माणसे बहुधा ठणठणीत असतात. वास्तविक डॉक्टरापुढे प्रश्न असतो तो रुग्ण आणि निरोगी यांतील भेदाचा नव्हे, तर हा विकार आणि साधा कोरडेपणा यांतील भेदाचा.

हा धोका काल्पनिक नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका संशोधकगटाने तीन नवी प्रतिपिंडे वर्णिली व ती रो प्रतिपिंडाच्याही आधी दिसू लागतात, असा दावा केला. त्यांवर आधारलेली चाचणी अल्पावधीत बाजारात आली. पुढील अभ्यासात त्यांपैकी एक प्रतिपिंड शोग्रेन विकार नसलेल्या, पण डोळ्यांच्या तीव्र कोरडेपणाने त्रस्त अशा रुग्णांतही आढळले. विज्ञानात असे होणारच. परंतु बाजार विज्ञानाच्या पुढे धावला की त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आकडेमोड काय सांगते?

कोणत्याही कसोटीचे मूल्य ती कोणावर वापरली जाते यावर अवलंबून असते, हे एका साध्या उदाहरणावरून पटेल. समजा, शंभरात पंच्याण्णव वेळा अचूक उत्तर देणारी एक उत्तम चाचणी तयार झाली आणि विकाराचे प्रमाण हजारी एक आहे. एक लाख लोकांची सरसकट तपासणी केली, तर १०० खऱ्या रुग्णांपैकी ९५ सापडतील. पण ९९,९०० निरोगी माणसांपैकी ४,९९५ जणांनाही ती चुकीने रुग्ण ठरवील. म्हणजे ‘होय’ असे उत्तर मिळालेल्या ५,०९० जणांत खरे रुग्ण शंभरी दोनही नाहीत! आता हीच चाचणी डोळे, तोंड व सांधे यांच्या तक्रारी नीट ऐकून निवडलेल्या एक हजार लोकांवर केली आणि त्यांत विकाराचे प्रमाण दहात एक धरले, तर १४० ‘होय’ उत्तरांपैकी ९५ खरी निघतील. चाचणी तीच, यंत्र तेच. फरक पडला तो आधी केलेल्या विचारपुशीने.

रुग्णाचे म्हणणे ऐकणे ही जुन्या काळची, कसोट्यांच्या अभावी करावी लागणारी गोष्ट होती, असे मानण्याकडे आज कल आहे. वरील आकडेमोड नेमके उलट सांगते. चाचण्या जितक्या सूक्ष्म होतील, तितकी ती कोणाची करायची हे ठरविणारी विचारपूस अधिक मोलाची होईल.

एक नाव, अनेक व्याधी

जैवनिर्देशकांकडून मुख्य अपेक्षा आहे ती वेगळीच. विकार आहे की नाही एवढे सांगून भागणार नाही. तो कोणत्या प्रकारचा आणि पुढे कोठे जाईल, हेही त्यांनी सांगावे. याचे एक उद्बोधक उदाहरण इतिहासात आहे. १८८८ मध्ये क्योनिग्जबर्ग येथील शल्यविशारद मिकुलिच यांनी अश्रुग्रंथी व लालाग्रंथी सुजलेल्या एका शेतकऱ्याचे वर्णन केले होते. १९५३ मध्ये मॉर्गन व कॅसलमन यांनी ही व्याधी आणि शोग्रेन विकार एकच, असा निर्वाळा दिला व तो अर्धशतक मान्य राहिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानी संशोधकांनी आयजीजी-४ या प्रथिनाच्या आधारे मिकुलिच यांची व्याधी पुन्हा वेगळी काढली. ती स्टेरॉइडने लवकर वठणीवर येते. शोग्रेन विकारातील कोरडेपणा तसा येत नाही. एका खुणेने दोन व्याधींची फारकत केली आणि उपचारांचीही दिशा बदलली.

असेच भेद शोग्रेन विकाराच्या पोटातही असावेत. फ्रान्समध्ये १२० रुग्णांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे सर्रास दिले जाणारे औषध कोरडेपणा, वेदना व थकवा यांवर निष्प्रभ ठरले. २०२० मध्ये ब्रिटनमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी लक्षणांवरून रुग्णांचे चार गट पाडले आणि त्या जुन्या चाचणीकडे पुन्हा पाहिले, तेव्हा एका गटात औषधाचा लाभ झाल्यासारखा दिसला. त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पण निरनिराळ्या प्रकृतीचे रुग्ण एकाच पोत्यात भरून केलेल्या प्रयोगात औषध का हरते, याचा अंदाज त्यावरून येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये इयानालुमॅब या नव्या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील दोन चाचण्या यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. विकाराच्या मुळावर घाव घालणारी औषधे दृष्टिपथात येत असताना ती कोणाला द्यावीत, हे सांगणारी खूण हाती नसणे परवडणारे नाही.

वेळेचा मुद्दा तर सर्वांत महत्त्वाचा. स्वीडनमधील माल्मो येथे जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासून २०१३ मध्ये असे दाखविण्यात आले, की काही रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे लक्षणे दिसण्यापूर्वी अठरा वर्षांपर्यंत हजर होती. शरीर इतका काळ आधी सूचना देत होते. ती विचारली गेली नव्हती. आणि हे प्रतिपिंड केवळ त्या स्त्रीपुरते राहत नाही. रो प्रतिपिंड असलेल्या गर्भवतींपैकी शंभरी एक-दोघींच्या गर्भात हृदयाचे ठोके वाहून नेणारी यंत्रणा कायमची बिघडते, आणि हे बहुधा अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यांत घडते. अशा कित्येक मातांना स्वतःला तोवर कसलाही त्रास झालेला नसतो.

काय करावयास हवे

तात्पर्य, नव्या कसोट्यांची निकड आहे. पण त्यांची पारख योग्य ठिकाणी झाली पाहिजे. ज्यांचे निदान पक्के झाले आहे त्यांच्यावर नव्हे, तर जे कोरडेपणाची तक्रार घेऊन दारात उभे आहेत आणि ज्यांचे नाव अद्याप ठरलेले नाही, अशांवर त्या तपासल्या जाव्यात व त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे व्हावा. रक्त, लाळ व अश्रू यांचे नमुने जतन करण्याचे माल्मोसारखे काम कंटाळवाणे असते. ते करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, पण उत्तरे तेथूनच येतात. जी चाचणी लहान गावच्या दवाखान्यात लाळेच्या थेंबावर करता येईल, तिला महागड्या यंत्रापेक्षा अग्रक्रम हवा. आणि तोवर जी साधने आहेत ती तरी वापरली जावीत. टीपकागदाच्या पट्टीला आणि पंधरा मिनिटांच्या लाळेला फारसा खर्च येत नाही. दात झपाट्याने किडत असलेल्या स्त्रीला दंतवैद्याने डोळ्यांविषयी विचारावे, डोळे चुरचुरणाऱ्या स्त्रीला नेत्रवैद्याने सांध्यांविषयी विचारावे, यासाठी तर काहीच खर्च येत नाही.

कसोटी ही रुग्णाच्या शब्दाची जागा घेण्यासाठी नसते, त्या शब्दाला बळ देण्यासाठी असते. ज्या दिवशी नवी चाचणी सिद्ध होईल, त्या दिवशीही ती कोणाची करायची हे आधी ऐकूनच ठरवावे लागेल. तोपर्यंत अहवाल कोरा आला म्हणून कोरडेपणा खोटा ठरविण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.